अर्धी साक्ष

लोह्याच्या ख्रिस्ती मंडळीत साक्ष द्यायला सगळ्यांत आधी कोण उठणार, हे विचारायचं कारणच नव्हतं. सरजाबाई उठायच्या. पास्टर नरसिंग यांचं "प्रभूनं या हप्त्यात कुणासाठी काय केलं" एवढं वाक्य पुरं व्हायच्या आत पदर डोक्यावर घेऊन त्या उभ्या. कधी ताप उतरल्याची साक्ष, कधी सिलिंडर वेळेवर आल्याची. एकदा तर "या हप्त्यात प्रभूनं माझ्या जिभेला लगाम घातला" अशी साक्ष त्यांनी दिली आणि मागच्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या, कारण त्याच हप्त्यात बाईंनी कुणाकुणाची कशी खरडपट्टी काढली होती ते त्यांना पक्कं ठाऊक होतं.

वर्षाच्या शेवटच्या रविवारची साक्ष मात्र निराळी. त्या दिवशी पत्र्याच्या शेडमध्ये सतरंजीवर बसलेला प्रत्येक जण आपल्या आयुष्यातली सगळ्यांत मोठी गोष्ट सांगायचा, दरवर्षी तीच. सरजाबाईंचीही ठरलेली होती. नवरा हैदराबादला कामाला गेला तो तिकडचाच झाला. सासरच्यांनी दार लावलं, माहेरच्यांनी उघडलं नाही. मग एके दुपारी दीड वर्षाचं लेकरू लोह्याच्या एसटी स्टँडवरच्या बाकड्यावर ठेवून त्या नांदेडच्या गाडीत बसल्या. इथवर आलं की सगळी मंडळी माना खाली घालायची आणि पास्टर हळूच विचारायचे, "आणि मग?" मग गाडी गावाबाहेर पडली, जिनिंगच्या कारखान्यापुढं गेली, आणि प्रभूनं त्यांचं काळीज असं पिळलं की ओरडून गाडी थांबवून त्या उतरल्या. चप्पल कुठं सुटली तेही कळलं नाही. पळत पळत परत आल्या, तर बाकड्याजवळ फळं विकणाऱ्या केवळाबाई बसल्या होत्या. त्यांनी मायलेकरांना घरी नेलं, आणि त्या घरात येशूचं नाव घेत होते. त्यावर मंडळी असं "आमेन" म्हणायची की शेडचा पत्रा थरथरायचा.

"आणि मग?" हा त्या मंडळीचा रिवाजच होता. पडल्याची गोष्ट सांगून कुणाला खाली बसू द्यायचे नाहीत. उठल्याचंही सांगितलं पाहिजे, तेव्हाच ती साक्ष. दुसरा एक रिवाज कुणी कधी बोलून दाखवला नव्हता. साक्ष शेडमध्येच राहायची. बाहेर येऊन चपला पायात सरकवेपर्यंत विषय बदललेला असायचा.

बाकड्यावरचं ते लेकरू म्हणजे अश्वजित. नाव ठेवलं तेव्हा घर बौद्ध होतं. नंतर येशू आला तरी नाव तेच राहिलं. लहानपणी शेवटच्या रविवारी तो ऐटीत बसायचा, कारण गोष्टीत तो होता. मिसरूड फुटल्यावर मात्र त्याचे कान तापायला लागले. बाकड्यावर एकटं बसून टाहो फोडणारं एक पोर त्याच्या डोळ्यांपुढं यायचं आणि त्या पोराची त्याला फार कीव यायची. स्वतःची कीव करण्यात एक गोडी असते. ती त्याला लागली.

नांदेडला पॉलिटेक्निकला गेल्यावर त्याला पंक नावाचं संगीत सापडलं. खोलीतला जोडीदार सिद्धलिंग, निलंग्याचा, त्यानं मोबाइलवर ऐकवलं. तीन कॉर्ड, तुफान वेग, गळ्याच्या शिरा ताणून ओरडणं आणि दोन मिनिटांत गाणं खलास. सूर चुकला तर चुकू द्या, पण खरं बोला, एवढीच अट. अश्वजितला वाटलं, ही तर आपल्या शेडमधली साक्षच, फक्त गिटारवर. मंडळीचीच गिटार त्यानं घेतली. सिद्धलिंगनं बास घेतला. त्याच्या घरी इष्टलिंगाची पूजा, पण त्यानं पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "देव तुमचा, बास माजा. भांडण न्हाई." ड्रमवर बसली वर्षाराणी. ती पास्टरांची पुतणी. भजनाच्या वेळी ती इतक्या जोरात वाजवायची की म्हाताऱ्यांनी तिला दोनदा समज दिली होती. तिघं होते आणि ख्रिस्ताच्या क्रूसाला खिळेही तीन, म्हणून बँडचं नाव पडलं ‘तीन खिळे’.

शनिवारी शेडमध्ये सराव चालायचा. पास्टर दारात उभे राहून विचारायचे, "देवाला ऐकू कमी येतंय काय रे?" पण किल्ली त्यांनी कधी नाकारली नाही. लोह्यातल्या पहिल्या नाताळाला निम्मी मंडळी उठून गेली. अर्धापूरला एका लग्नात वाजवलं, तर नवरदेवाच्या घोड्यानंच धूम ठोकली. उदगीरच्या युवक मेळाव्यात मात्र पोरं नाचली, आणि नांदेडच्या एका गॅदरिंगला लोक आधी हसले आणि मग हसायचे थांबले. येशूचं नाव घेऊन इतकं चिडलेलं कुणी त्यांनी कधी ऐकलं नव्हतं.

तरी नाव झालं ते एकाच गाण्यानं. अश्वजितनं ते एका बैठकीत लिहिलं.

स्टँडवर ठेवलं, बाकड्यावर ठेवलं,
मायनं मला सोडून दिलं!
रडलो! रडलो! कोण आलं?
येशू आला! येशू आला!

वर्षाराणीनं ऐकलं आणि काठ्या मांडीवर ठेवल्या. "आणि मग?"

"मग काय?"

"तुजी माय परत आली ना. ते कुटंय?"

"दोन मिनिटांत बसत न्हाई ते."

"मग तीन मिनिटांचं कर."

"तीन मिनिटांचं केलं की भजन होतंय," अश्वजित म्हणाला, आणि सिद्धलिंग हसला. खरं तर मिनिटांचा प्रश्न नव्हताच. परत येणारी माय गाण्यात आली की राग निघून जात होता, आणि राग गेला की ते पोर बिचारं राहत नव्हतं. अश्वजितला हे कळत होतं. त्यानं ते कळू दिलं नाही, दुसऱ्यांनाही आणि स्वतःलाही. वर्षाराणीनं काठ्या उचलल्या, पण त्या दिवशी ती मान वर करून वाजवत नव्हती.

गाण्यानं आग लावली. कुणीतरी मोबाइलवर काढलेला व्हिडिओ आधी नांदेडभर फिरला, मग लातूर, मग पुण्या-मुंबईकडची पोरं खाली लिहायला लागली की हे आमचंच गाणं आहे. ‘रडलो! रडलो!’ वर डोळ्यांखाली काजळाचे अश्रू काढून पोरी रील करायला लागल्या. एका चॅनलवाल्यानं माइक तोंडापुढं धरून विचारलं, "ही खरी गोष्ट आहे का?" अश्वजितनं एक क्षण खाली बघितलं, जसं कॅमेऱ्यापुढं बघतात तसं, आणि म्हणाला, "हो. माझीच आई." आयुष्यात पहिल्यांदा तो ‘माय’ सोडून ‘आई’ म्हणाला होता. ते त्याला स्वतःलाच फार भारी वाटलं.

डिसेंबरात लातूरच्या मैदानावर नाताळाचा मोठा कार्यक्रम ठरला. सगळ्यांत शेवटी वाजवायचा मान ‘तीन खिळ्यांना’. त्याआधी दोन दिवस घरी जाऊन यावं म्हणून अश्वजित एसटीनं लोह्याला उतरला. स्टँडवर कुणी तरी त्याच्यासोबत सेल्फी घेतला, त्याच बाकड्यापाशी उभं करून. तो हसून उभा राहिला. मग घराला कुलूप बघून अंगणवाडीकडं निघाला, कारण माय तिथं मदतनीस होती. गल्लीगल्लीतून लेकरांना बोटाला धरून आणायचं, खिचडी शिजवायची, वाढायची, नाकं पुसायची आणि दुपारी ज्याचं त्याला घरी पोचवायचं, हे काम ती कितीतरी वर्षं करत होती. तिच्या मागून लेकरांची रांग निघाली की दुकानदार मुद्दाम बाहेर येऊन बघायचे.

अंगणवाडीच्या दारात आज चपलांची गर्दी होती, आणि चपला बायांच्या होत्या. एकेक आई आपापल्या लेकराला कडेवर घेऊन निघत होती. त्यांतली एक अश्वजितला बघून थांबली. तिच्या मनात काही वाईट नव्हतं, चेहरा अगदी हसरा होता.

"तुमचं गाणं लई भारी हाय बरं का! आमचं पोरगं दिवसभर तेच म्हणतंय."

"तुम्हीच येता का घ्यायला? माय पोचवत न्हाई?"

बाई जराशी गोंधळली. "पोचवत्यात की. पर आता म्हणलं आपणच यावं. सरजाबाईंवर भरवसा हायच. पर सासूबाई म्हणल्या, ज्या बाईनं सोताचं..." पुढचं तिनं गिळलं आणि लेकराच्या तोंडावरची खिचडी पुसायला लागली.

आत चारदोन लेकरं उरली होती, ज्यांच्या आया कामावरून यायच्या होत्या. त्यांनी बाकावर एक बाहुली ठेवली होती. एक पोरगी बाहुलीकडं पाठ फिरवून दाराकडं चालत निघायची आणि बाकीची नाचून ओरडायची, "मायनं मला सोडून दिलं! रडलो! रडलो!" मग दुसरीची पाळी. पलीकडं त्याची माय ताटल्या घासत बसली होती. पोरांनी तिलाही हाक मारली, "मावशी, तुमी या ना, तुमी माय व्हा!" ती म्हणाली, "हात भरल्यात रे माजे," आणि ताटली घासत राहिली. ताटली कधीच लख्ख झाली होती.

अश्वजित दारातून मागं सरला. तिनं आपल्याला बघितलं नसावं, अशी त्यानं येशूजवळ प्रार्थना केली. आणि ज्या येशूचं नाव घेऊन आपण हे केलं त्याच्याचजवळ आपण काय मागतोय, हे कळून त्याला पळून जावंसं वाटलं. पण पळायची हिंमतही लागते. तो घरी जाऊन उंबऱ्यावर बसला.

माय आली. तिनं त्याच्या तोंडावरून हात फिरवला, वाळलास म्हणाली, पिठलं टाकलं. जेवताना त्यानं ताटात बघत विचारलं, "माय, कुणी काय बोललं का तुला?"

"कोन काय बोलंल? जेव."

"ते गाणं..."

"आयकलं. शेजारच्या पोरीनं दावलं. आवाज बसलाय तुजा, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या कर." एवढंच. जिच्या जिभेला प्रभूलाच लगाम घालावा लागायचा, ती माय एवढंच बोलली. तिनं शिव्या दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

लातूरला जाताना त्यानं ठरवलं की ते गाणं गायचं नाही. गाडीत वर्षाराणीला तसं सांगितलंही. ती म्हणाली, "बघू." मैदान पोरांनी भरून गेलं होतं. तिसऱ्याच गाण्याला खालून हाका सुरू झाल्या, "स्टँडवर! स्टँडवर!" त्यानं दुसरं गाणं घेतलं, हाका वाढल्या. मग त्याला एक शहाणपण सुचलं. गाणं घेऊ, पण शेवटी ‘माय आली, माय आली’ असं म्हणू. म्हणजे दोन्ही साधेल. त्यानं सुरुवात केली. आणि ‘कोण आलं?’ असं विचारताच सगळं मैदान एका आवाजात ओरडलं, "येशू आला!" त्याचं "माय आली" त्या आवाजात कुठं गेलं ते त्यालाही ऐकू आलं नाही. त्यानं पुन्हा म्हटलं. पोरांना वाटलं, गडी विसरला. त्यांनी प्रेमानं आणखी जोरात सांगितलं. मागं ड्रम थांबले. त्यानं वळून बघितलं. वर्षाराणी काठ्या खाली ठेवून हात बांधून बसली होती. तेव्हा त्यानंही थांबायला हवं होतं. पण पोरांनी टाळ्यांचा ठेका धरला, समोर एवढी तोंडं, आणि त्यांतल्या प्रत्येकात त्याचेच शब्द. तो गात राहिला. त्याला माहीत होतं, अंगणवाडीतली ताटली त्याच्या डोळ्यांपुढं होती, आणि तरी तो गात राहिला. आणि सगळ्यांत लाजिरवाणी गोष्ट म्हणजे त्याला त्या वेळी मजा आली.

परतीच्या वाटेवर सिद्धलिंगनं एकदाच तोंड उघडलं, "मला तुमच्यातलं कळत न्हाई बाबा, पर आज बरं न्हाई वाटलं." दुसऱ्या दिवशी अश्वजितनं बँडच्या पानावरून त्या गाण्याचा व्हिडिओ काढून टाकला. त्यानं काय होणार होतं? तेच गाणं शेकडो मोबाइलांवर होतं, आणि अंगणवाडीतल्या लेकरांना तर ते तोंडपाठ होतं.

वर्षाचा शेवटचा रविवार आला. शेड भरलं होतं. केवळाबाई आता फार थकल्या होत्या, त्यांना भिंतीला टेकवून बसवलं होतं. माय नेहमीच्या जागी, पुढून दुसऱ्या ओळीत. अश्वजित पुरुषांच्या बाजूला, दाराजवळ. पास्टर म्हणाले, "वर्षाचा शेवट हाय. प्रभूनं कुणासाठी काय केलं?" आणि सवयीनं सरजाबाईंकडं बघितलं.

माय उठली नाही.

पास्टर थांबले. सगळ्या मंडळीला ठाऊक होतं की पहिली साक्ष कुणाची, म्हणून दुसरं कुणी उठेना. पास्टरांनी अगदी मायेनं हाक मारली, "सरजाबाई?"

मग ती उठली. पदर डोक्यावर घेतला. "मी माजं लेकरू स्टँडवरच्या बाकड्यावर ठेवलं," ती म्हणाली, "आन गाडीत बसून गेले." आणि खाली बसायला लागली.

"आणि मग?" पास्टर म्हणाले.

"मग काय? एवढंच हाय. समद्या जगाला ठाऊक हाय."

शेडमध्ये एकाही माणसाची मान वर नव्हती. अश्वजितचे पाय त्याला न विचारता उभे राहिले. "मग माय परत आली," तो कसाबसा म्हणाला. "मी सांगतो. मी तितं होतो. मी बाकड्यावर रडत होतो आणि माय पळत आली, मी बघितलं..."

"तू काय बघितलं?" माय वळली. रागावली नव्हती. तो लहान असताना त्याचं गणित चुकलं की बघायची तसं तिनं बघितलं. "तू रडलाच न्हाईस, बाबा. तू झोपला व्हतास. दूध पाजून, थोपटून झोपवूनच ठेवलं व्हतं तुला. मी गेले तवा झोपला व्हतास, आले तवा बी झोपलाच व्हतास. उराशी धरून मी एवढं मोठ्यानं रडले, तरी डोळा उघडला न्हाईस. केवळाबाईला इचार."

भिंतीपासून केवळाबाईंचा बारीक आवाज आला, "झोपलं व्हतं लेकरू. तोंडात अंगठा."

"येशू आला म्हणतोस गाण्यात," माय म्हणाली. "आलाच की. पर पळून पळून पाय कुणाचे फुटले? असू दे. तुला कशाचंच काय ठाऊक नव्हतं. मी गेले व्हते हेच तुला ठाऊक नव्हतं. मी तोंड उघडलं नसतं तर जल्मात कळलं नसतं तुला."

किती वर्षं तो त्या रडणाऱ्या पोराला जपत आला होता. ते पोर कधी नव्हतंच. होतं एक झोपलेलं, पोट भरलेलं लेकरू, आणि ज्या गोष्टीचा त्यानं एवढा राग केला ती गोष्ट त्याच्याजवळ होती ती केवळ मायनं लपवली नाही म्हणून.

"मग कामून सांगितलंस?" त्यानं विचारलं.

"देवाच्या घरात काय लपवू?" माय म्हणाली. "आन वाटलं, हितं समदी आपलीच माणसं हायत."

ती खाली बसली. पास्टरांनी पुढं काही विचारलं नाही. वर्षाराणी ड्रमपाशी बसून दोन्ही हातांनी तोंड झाकून रडत होती. अश्वजित उभाच होता. गाण्यात रोज रडणाऱ्या त्याला आता एक टिपूस येईना. केवळाबाईंनी हात उचलून खूण केली, जा बाबा, बस तिच्याजवळ. मायच्या ओळीतल्या बायांनी सरकून जागा करून दिली. मायनंही सतरंजीवरचा आपला पदर आवरून घेतला. तिथं जाऊन बसायची त्याला लाज वाटली.